एकास बहात्तर

टेबल मोकळं करा. वर्तमानपत्र अंथरा. दिवा डावीकडे घ्या, म्हणजे उजव्या हाताची सावली कामावर पडणार नाही. डावखुरे असाल तर उलट. फोन दुसऱ्या खोलीत राहिलेला बरा. समोर फक्त एक पाइपचा तुकडा असू द्या. इलेक्ट्रिकच्या दुकानात वायरिंगसाठी पांढरा पीव्हीसी पाइप मिळतो ना, तोच, बाहेरून २५ मिलिमीटर व्यासाचा. दुकानदार तीन मीटरची अख्खी लांबी गळ्यात मारतो. आपल्याला हातभरही लागणार नाही.

आज काही कापायचं नाही, चिकटवायचं नाही. नुसतं बसायचं आहे.

पाइप हातात घ्या. ५ मे १९६१ रोजी फ्लोरिडातल्या केप कॅनाव्हेरलहून ॲलन शेपर्ड ज्या मर्क्युरी-रेडस्टोन रॉकेटवरून अंतराळात गेला, त्याचा व्यास होता १.७८ मीटर. याला ७२ने भागा. २४.७ मिलिमीटर येतात. तुमच्या हातातला पाइप त्याहून तीन दशांश मिलिमीटरने जाड आहे, बस्स. अलाबामातल्या हंट्सव्हिलच्या अभियंत्यांनी आणि आपल्या वायरमन मंडळींनी एकमेकांना विचारून काही ठरवलेलं नव्हतं, पण एकास बहात्तर या प्रमाणात दोघांची मापं जुळली. टोकावरच्या मनोऱ्यासकट खऱ्या रॉकेटची उंची २५.४ मीटर. तुमच्या टेबलावर ते ३५ सेंटिमीटर भरेल.

तीन दशांशाचा फरक चालेल का? खऱ्या रॉकेटवर तो दोन सेंटिमीटरच्या थोडा वर जातो. बघणाऱ्याला दिसणार नाही, करणाऱ्याला मात्र माहीत असतो. या छंदातली माणसं इथेच दोन वाटांनी जातात. काही जण काचकागद घेऊन पाइप घासायला बसतात, काही म्हणतात, चालतंय की. मी दुसऱ्यांतला. कडक व्हायच्या जागा पुढे आहेत. सगळा कडकपणा व्यासावरच संपवू नये.

आता स्वतःला विचारा, आपण कोणतं रॉकेट करतोय? घाईने उत्तर देऊ नका. ‘रेडस्टोन’ एवढं म्हणून भागत नाही.

माणसाला घेऊन रेडस्टोन दोनदाच उडालं. एकदा शेपर्ड, आणि २१ जुलै १९६१ रोजी गस ग्रिसम. दुरून पाहिलं तर दोन्ही रॉकेटं जुळी. फोटो जवळ ओढा. शेपर्डच्या ‘फ्रीडम ७’ यानाला दोन लहानसे गोल झरोके आहेत. बाहेरचं नीट बघायचं तर पेरिस्कोपला डोळा लावायचा. ग्रिसमच्या ‘लिबर्टी बेल ७’ला डोळ्यांसमोर चांगली मोठी खिडकी आहे, कारण उडणाऱ्यांनी ती मागून घेतली. दारंही वेगळी. शेपर्डचं दार यांत्रिक कुलुपाचं, ग्रिसमचं ७० स्फोटक बोल्टांचं. समुद्रात उतरल्यावर हेच दार अवेळी उडालं, आत पाणी भरलं, ग्रिसम कसाबसा वाचला आणि यान अटलांटिकच्या तळाशी गेलं. ते वर काढलं १९९९ साली. त्या यानावर रंगाने एक तडा काढलेला होता, फिलाडेल्फियाच्या मूळ लिबर्टी बेलला आहे तसा. तुमच्या मॉडेलवर हा तडा म्हणजे केसाएवढी वाकडी रेघ. ती काढायची की नाही?

ग्रिसमचं यान करत असाल तर काढावीच लागेल. आणि शेपर्डचं करत असाल तर मोठी खिडकी कितीही शोभून दिसली तरी ती तिथे नको. मॉडेल असं हळूहळू तुमच्याकडून तारीख वसूल करतं. पुस्तकात ‘सुरुवातीची मानवी अंतराळयानं’ असं एका दमात लिहून मोकळं होता येतं. हातात पाइप घेतला की तसलं काही करता येत नाही. एक दिवस निवडावा लागतो, त्या दिवशीचं एक रॉकेट, त्याची एक बाजू, आणि तेही टाकीत ऑक्सिजन भरण्याआधीचं की नंतरचं. द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांवर असतो. फ्लोरिडाच्या दमट हवेत तो भरला की टाकीच्या बाहेरच्या अंगावर बर्फाचा पांढरा थर चढतो. म्हणजे रंगाचा डबा उघडण्याआधी घड्याळातली वेळसुद्धा ठरवायला हवी.

या विचारावर जरा थांबा. आपण रोज किती गोष्टी मोघम ओळखतो, आणि त्या ओळखण्यालाच बघणं समजतो.

आता एक छोटा प्रयोग. पाइप टेबलावर उभा करा. अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरा, आणि वर्तमानपत्रापासून दीड मिलिमीटर उचला. पोस्टकार्डांची जाडजूड गड्डी नव्हे. चार-पाच पोस्टकार्डं खाली सरकतील एवढंच. आता परत खाली ठेवा.

झालं. २१ नोव्हेंबर १९६०चं उड्डाण तुम्ही करून दाखवलंत. त्या दिवशी पहिलं मर्क्युरी-रेडस्टोन, माणसाविना, चाचणीसाठी पेटवलं. ते सुमारे चार इंच, म्हणजे दहा सेंटिमीटर वर गेलं. इंजिन बंद पडलं आणि रॉकेट होतं तिथे परत टेकलं. पुढचं आणखी विलक्षण आहे. संकटात यानाला रॉकेटपासून ओढून दूर न्यायचं, म्हणून यानाच्या डोक्यावर जाळीचा मनोरा आणि त्यावर घन इंधनाचं एक छोटं रॉकेट बसवलेलं असे. तो मनोरा एकटाच उडून गेला, यान मात्र जागेवरच राहिलं. मग यानाचं पॅराशूट बाहेर आलं आणि इंधनाने तुडुंब भरलेल्या रॉकेटच्या अंगावरून खाली लोंबत राहिलं. वारा सुटला असता आणि पॅराशूट फुगलं असतं, तर सगळा डोलारा आडवा झाला असता. जवळ जायची कोणाची छाती नव्हती. बॅटऱ्या उतरेपर्यंत आणि ऑक्सिजन उकळून निघून जाईपर्यंत लोकांनी वाट पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी हात लावला.

कारण काय निघालं? रॉकेटच्या शेपटाकडे जमिनीला जोडणारे दोन प्लग होते. ते ज्या क्रमाने सुटायला हवे होते त्याच्या उलट सुटले, आणि तेही सेकंदाच्या एका बारीकशा अंशाने. पुढच्या रॉकेटांना जमिनीशी जोडणारी एक जादा पट्टी लावली आणि प्रश्न मिटला. सहा महिने उलटायच्या आत त्याच जातीच्या रॉकेटवर शेपर्ड बसला होता. बसून चार तासांवर वेळ गेला तरी उड्डाण होत नव्हतं. ते प्लग कुठे होते हे त्याला नक्कीच माहीत असणार.

मॉडेलवर ते प्लग करायचे तर सुईच्या टोकाएवढे होतील. मी म्हणेन, करा. खालच्या बाजूला, कोणाला दिसणार नाहीत अशा जागी असले तरी करा.

पाइपच्या कापलेल्या तोंडाकडे बघा. भिंतीची जाडी साधारण दीड मिलिमीटर. आता शेजारी मनातल्या मनात दुसरं रॉकेट उभं करा: ॲटलस. २० फेब्रुवारी १९६२ला जॉन ग्लेनला पृथ्वीभोवती तीन फेऱ्या मारायला पाठवलं ते. व्यास तीन मीटरच्या थोडा वर, म्हणजे आपल्या प्रमाणात ४२ मिलिमीटर. त्या खऱ्या ॲटलसचा पत्रा स्टेनलेस स्टीलचा होता आणि त्याची जाडी एक मिलिमीटरच्या आत होती, कुठे कुठे तर त्याच्याही निम्मी.

पुन्हा वाचा. बहात्तर पटीने लहान केलेल्या तुमच्या मॉडेलची भिंत खऱ्या रॉकेटच्या भिंतीहून जाड आहे.

हे बेल्जियममध्ये जन्मलेल्या कारेल बोसार्ट या अभियंत्याचं डोकं. टाकीला आतून सांगाडाच द्यायचा नाही. आतल्या दाबावर तिला ताठ ठेवायची, सायकलच्या ट्यूबसारखी. हवा गेली की ती स्वतःच्याच वजनाने मोडून पडणार. म्हणून रिकामी असतानाही तिच्यात वायू भरून ठेवावा लागे. ज्या पत्र्यावर माणूस बसणार, तो पत्रा श्वास कोंडून उभा. जुलै १९६०मध्ये पहिलं मर्क्युरी-ॲटलस उडाल्यावर मिनिटभरातच हवेत मोडलं. तेव्हा यानाखालच्या भागाचा पत्रा जाड करायचं ठरलं. पण तसं रॉकेट हाती येईपर्यंत थांबायला सवड नव्हती. म्हणून २१ फेब्रुवारी १९६१च्या उड्डाणासाठी रॉकेटच्या गळ्याशी आठ इंच रुंद पोलादी पट्टा आवळला. चक्क कमरपट्टा. ते उड्डाण नीट पार पडलं. त्या एका रॉकेटचं मॉडेल करणाऱ्याला तो पट्टा २.८ मिलिमीटर रुंदीचा कापावा लागतो, आणि ग्लेनचं करणाऱ्याला तो लावून चालत नाही.

प्लास्टिक कितीही तासलं तरी तो पातळपणा मॉडेलमध्ये येत नाही. तो लहान करता येत नाही, तो फक्त माहीत असू शकतो. ॲटलसवर चांदीचा रंग मारताना एवढं मनात असू द्या, म्हणजे हात आपोआप हलका होतो.

आता नखाने एक काम करा. पाइपच्या वरच्या टोकाकडे, जिथे पुढे यान बसणार आहे, तिथे बोट फिरवा. इथे एक सांधा येणार आहे. सांध्याच्या वर यान, खाली रॉकेट. मॉडेल करणारे लोक सांधा पुट्टीने भरून, घासून नाहीसा करण्यात मोठी धन्यता मानतात. हा मात्र ठेवायचा असतो, कारण तो खऱ्या रॉकेटवरही आहे. आणि या सांध्याशी थोडा वेळ घालवायला हवा.

त्याच्या खालचं सगळं शस्त्र आहे. रेडस्टोन हे अमेरिकी लष्कराचं क्षेपणास्त्र. अण्वस्त्र घेऊन ते पश्चिम जर्मनीत तैनात होतं. माणसासाठी त्याच्या टाक्या लांबवल्या, काही यंत्रणा बदलल्या, आणि स्फोटकाच्या जागी यान बसवलं. ॲटलस हे आंतरखंडीय क्षेपणास्त्र. नंतर जेमिनी यानं नेणारं टायटन-२ही तेच. सोविएत अंतराळवीर युरी गागारीनचं रॉकेट ज्या आर-७वरून आलं, ते जगातलं पहिलं आंतरखंडीय क्षेपणास्त्र. त्या काळात खास माणसासाठी म्हणून पायापासून घडवलेलं रॉकेट कोणाकडेच नव्हतं.

आणखी खाली जा. रेडस्टोनची काळी-पांढरी रंगसंगती फोटोत फार देखणी दिसते. डेकलचा कागद पाण्यातून काढून ती पाइपवर सरकवताना मन प्रसन्न होतं. ती शोभेसाठी नव्हती. उड्डाणात रॉकेट स्वतःभोवती किती फिरतं, हे कॅमेऱ्याला मोजता यावं म्हणून. ही रीत आली जर्मनीतल्या पेनेम्युंडेहून, दुसऱ्या महायुद्धातल्या व्ही-२ क्षेपणास्त्राच्या चाचण्यांवरून. व्ही-२ घडवणारे वेर्नहर फॉन ब्राउन आणि त्याचे सहकारी युद्धानंतर जर्मनीतून अमेरिकेत आले, आणि रेडस्टोन हे त्यांनीच घडवलं; अल्कोहोल आणि द्रव ऑक्सिजन ही जोडीसुद्धा व्ही-२चीच. आणि ते व्ही-२ जोडले होते मिटेलबाउ-डोरा छळछावणीतल्या कैद्यांनी, डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यांत. तिथे नेलेल्या सुमारे साठ हजारांपैकी वीस हजारांच्या आसपास माणसं मेली.

हे वाचून पाइप टेबलावर ठेवून द्यावासा वाटला तर ठेवा. मला तसं वाटलं नाही, पण ज्याला वाटेल त्याच्याशी वाद घालणार नाही. मला एवढंच पटतं की करायचं तर हे माहीत असून करावं. कपाटात काचेमागे ठेवलेल्या मॉडेलकडे बोट दाखवून मुलाने विचारलं, की हे चौकोन कशाला, तर उत्तर पेनेम्युंडेपर्यंत जायला हवं.

थोडं पाणी प्या.

आता पूर्वेकडे वळू. १२ एप्रिल १९६१. कझाकस्तानातलं बैकोनूर. युरी गागारीन १०८ मिनिटांत पृथ्वीची एक प्रदक्षिणा करून आला. त्या वर्षाच्या अखेरीस तो भारतात आला, आपल्या मुंबईतही आला. लोकांनी त्याला डोळे भरून पाहिलं. पण त्याला बघायला जमलेल्यांपैकी कोणीही तो ज्या रॉकेटवर बसून गेला ते पाहिलेलं नव्हतं, फोटोतसुद्धा नाही. सोविएत सरकारने त्याचा आकारच गुप्त ठेवला होता. रॉकेटचा कर्ता सर्गेई कोरोल्योव्ह याचं नावही जगाला कळलं ते तो जानेवारी १९६६मध्ये वारल्यावर. आणि रॉकेट लोकांसमोर आलं ते १९६७च्या पॅरिस एअर शोमध्ये, ल बुर्जेच्या मैदानावर. तोवरची सहा वर्षं गागारीनच्या या व्होस्तोक रॉकेटचं मॉडेल करणारा माणूस अंदाज करत होता. ‘एअरफिक्स’ या ब्रिटिश कंपनीचं व्होस्तोक किट आलं ते त्याच्यानंतर.

पॅरिसमध्ये लोकांनी बुडाकडून पाहिलं तेव्हा नळ्याच नळ्या दिसल्या. मधला एक भाग, भोवती चार निमुळते शंकू, आणि प्रत्येकाच्या तळाशी चार मुख्य नळ्या. झाल्या वीस. शिवाय दिशा सांभाळायला चार शंकूंना दोन-दोन आणि मधल्याला चार लहान नळ्या. एकूण बत्तीस. एकच मोठा ज्वलनकक्ष केला तर आतली आग अस्थिर होऊन इंजिन फुटे. म्हणून व्हॅलेंटिन ग्लुश्कोच्या कार्यालयाने एका पंपावर चार छोटे कक्ष चालवले. अडचणीतून काढलेली वाट, पण मॉडेल करणाऱ्याच्या डोळ्यांना ती ऐश्वर्यासारखी दिसते. त्या बत्तीस नळ्या एकामागून एक ड्रिलच्या टोकावर घासताना मनात दुसरं काही राहत नाही. जपाची माळ ओढणाऱ्यांना मी हे समजावून सांगायला नको.

व्होस्तोकची आणखी एक गंमत स्टँडमुळे लक्षात येते. मॉडेल उभं करायचं म्हणून आपण ते नळ्यांवर टेकवतो. खरं रॉकेट नळ्यांवर कधी उभं राहिलंच नाही. बैकोनूरच्या तळावर चार बाहू त्याला कमरेशी, शंकूंच्या वरच्या टोकांजवळ धरून ठेवत, आणि त्याचं बूड खड्ड्यावर अधांतरी लोंबत असे. वजन उचललं गेलं की बाहू आपसूक मागे पडत. आजचं सोयुझही असंच टांगलेलं असतं, आणि १९८४ साली राकेश शर्मांना नेणारं रॉकेटही याच घराण्यातलं होतं. तेव्हा जमल्यास स्टँड कमरेपाशी द्या. रंगाबद्दलही एक सांगून ठेवतो: मॉस्कोच्या प्रदर्शन मैदानावरचं व्होस्तोक पांढरंशुभ्र आहे, ते बघून जुन्या रंगीत चित्रफितींकडे वळलात तर राखाडी-हिरवट रॉकेट दिसेल. चित्रफितीवर विश्वास ठेवा.

आता प्रायमर मारला आहे असं समजा. तो वाळेपर्यंत काही करता येत नाही. लांबी बहात्तर पटीने कमी करता येते, पण वेळेला ते प्रमाण लागत नाही. शेपर्डचं अख्खं उड्डाण पंधरा मिनिटांचं, १८७ किलोमीटर वर जाऊन समुद्रात. पहिला हात वाळायच्या आत तो जाऊन परत आलेला असतो. दुसरा हात वाळेपर्यंत गागारीनची प्रदक्षिणा झालेली असते. वाटलं तर घड्याळ लावून ती १०८ मिनिटं नुसते बसून बघा; मध्ये उठू नका. बघता बघता कंटाळा येतो, पाय अवघडतात, खिडकीतून शेजारच्यांचा कुकर ऐकू येतो. तेवढ्यात एक माणूस सगळ्या जगाला वळसा घालून आला होता.

आत माणूस करायचा का, हा प्रश्न शेवटचा. मर्क्युरी यानात बसणाऱ्यासाठी उंचीची मर्यादा होती पाच फूट अकरा इंच. आपल्या प्रमाणात २५ मिलिमीटर. यानाचा सर्वांत रुंद भाग २६ मिलिमीटर. माणूस आडवा ठेवला तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोचतो, आणि यान तर वर निमुळतं होत जातं. म्हणजे गुडघे दुमडूनच तो आत मावतो. शेपर्डच्या यानाच्या झरोक्यांतून तुमचा माणूस कोणाला दिसणार नाही. तरी यान बंद करण्याआधी कागदाची एक घडी करून का होईना, आत ठेवणारे लोक आहेत. मी ठेवतो.

पहिलंच मॉडेल असेल तर शेपर्डचं करा. मापं मिळतात, नासाने फोटो खुले ठेवले आहेत, पाइप वायरिंगवाल्याकडे आहे. वरचा जाळीचा मनोरा तेवढा पितळी तारेचा करा, प्लास्टिकचा वाकतो. खालच्या पाटीवर नुसतं ‘रॉकेट’ लिहू नका. ‘मर्क्युरी-रेडस्टोन ३, केप कॅनाव्हेरल, ५ मे १९६१’ असं पूर्ण लिहा. आणि बत्तीस नळ्यांचं व्होस्तोक हात बसल्याशिवाय घेऊ नका. अर्धवट राहिलेल्या मॉडेलांत त्याच्याइतकी गर्दी दुसऱ्या कोणाची नसते.